दर्भाचा कावळा

शेजारच्या काकांचा दहावा होता. नदीकाठी पिंड मांडलेला, पण कावळा काही शिवेना. मुलानं हात जोडले. "बाबा, आईला मी माझ्याकडे नेतो."

काकूंचं नाव वृद्धाश्रमात घातलंय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी ढोंगाची मला चीड येते. आज नुसतं वाईट वाटलं. चांगल्या मुलानं काय म्हणायचं असतं, ते त्याला नेमकं माहीत होतं. चांगुलपणा ओळखीचा असल्याशिवाय त्याचं सोंग वठत नाही.

काकू पुढे झाल्या. "अहो, मी सुखात राहीन याच्याकडे. निघा तुम्ही."

कावळे फांदीवरून हलले नाहीत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. "शिवला, शिवला," म्हणत सगळे सुटल्यासारखे उठले.

काकूही "शिवला" म्हणाल्या, फांदीकडे बघत.