तायी आणि ताई

धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी मी मिरजेच्या एका दवाखान्यात चार दिवस राहिले होते. शेजारच्या खाटेवर कर्नाटकातून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. कळ आली की त्या "तायी, तायी" म्हणत. बहीण मला ताई म्हणते, ते ऐकून त्याही मलाच बोलावतायत असं मला वाटायचं. मी उठायचे, पाणी पाजायचे, कपाळावरून हात फिरवायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांची सून संकोचत म्हणाली, "अहो, त्या तुम्हाला नाही हाक मारत. कानडीत तायी म्हणजे आई."

मी ओशाळले. तमिळमध्येही हा शब्द आईचाच, हे मला नंतर कळलं. हिंदीत ताई म्हणजे थोरली काकू. शब्द मुळात कुठला, मला ठाऊक नाही. पण जिथे गेला तिथे घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडेच गेला.

त्या दुपारी पुन्हा हाक आली. सून औषधं आणायला गेली होती. म्हातारीची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली असणार. मी क्षणभर बसून राहिले. मग उठून त्यांचा हात हातात घेतला आणि ओ दिली.