बुडबुडा मधे थांबेना

लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि त्यातली अकरा तिने चाकांवरच्या घरात काढली होती. नवरा क्रेन चालवायचा. कुठे पूल, कुठे गोदाम. काम संपलं की गाडीमागे ट्रेलर जोडायचा आणि निघायचं. ट्रेलर म्हणजे एकच लांब खोली. दोन्ही टोकांना पलंग, मधे ओटा, फ्रीज आणि कपाटाएवढं न्हाणीघर. माणसं तीन. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाईही त्यांच्याकडेच होत्या.

ट्रेलर आणून उभा करायचा नवऱ्याने, सपाट करायचा तिने. असं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्याच मुक्कामी तो गाडी सोडवून थेट कामावर गेला आणि तिने ओट्यावर ठेवलेल्या पातेल्यातलं पाणी एका कडेने सांडायला लागलं. ते काम तेव्हा तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

तिने ते शिकूनही घेतलं. आधी डावं-उजवं बघायचं. जी बाजू खाली, तिकडच्या चाकाखाली फळ्या घालून गाडीने ट्रेलर त्यावर चढवायचा. मग चाकांना पाचरी ठोकायच्या, गाडी सोडवायची आणि पुढच्या जॅकने नाक वरखाली करायचं. कोपऱ्यातले चार लोखंडी पाय सगळ्यात शेवटी, तेही नुसते जमिनीला टेकवायचे. त्या पायांनी ट्रेलर उचलायचा नसतो, हे नवऱ्याला सांगून तिची जीभ झिजली होती. त्याने तेवढ्यात दोन पाय वाकवले होते.

या वेळची जागा साइटच्या मागे, नव्या भरावावर होती. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत खपून तिने सपाटी बघायच्या पाणसळीतला बुडबुडा बरोब्बर मधे आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार आपोआप उघडून भिंतीवर आपटत होतं आणि मोरीतलं पाणी जागचं हलत नव्हतं. फ्रीजची तर खोडच होती, घर कललं की तो थंड करायचं सोडून द्यायचा. दूध नासलं.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "रात्रभर भिंतीला चिकटून होते मी. पालीसारखी."

तिने सासूबाईंना बाहेर खुर्चीत बसवलं, भांडी खाली उतरवली, पाय वर घेतले, गाडी जोडली, आणखी एक फळी घातली. संध्याकाळी बुडबुडा मधे. सकाळी परत कडेला. भराव ओला होता, चाक आत जात होतं. चौथ्या दिवशी सासूबाई न्हाणीघरातून बाहेर येताना त्या उतारावर घसरल्या. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचल्या.

पाचव्या सकाळी ती पुन्हा फळ्या ओढत होती. हात सोलवटले होते. नवरा पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता.

"अगं, बोटभर तर कललंय," तो म्हणाला. "डोंगरावर लोक राहतातच की."

आणि गेला. जाताना चष्मा विसरला. खरं तर तिने तो तसाच राहू दिला असता, पण सासूबाई म्हणाल्या, "देऊन ये गं. आंधळ्यासारखा काहीतरी पाडून ठेवेल."

साइटवर क्रेन उभी होती, पण काम बंद होतं. खाली चार माणसं हात बांधून ताटकळत होती. मुकादम घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. आणि नवरा क्रेनच्या बाजूला गुडघे टेकून लेव्हलला जवळजवळ नाक लावून बसला होता.

"बुडबुडा केसभर सरकलाय," तो मुकादमाला सांगत होता. "खालची जमीन खचतेय. जाड पत्रे घाला. तोवर मी काडीसुद्धा उचलणार नाही."

"केसभर?" मागून तिने विचारलं.

तो दचकून वळला. "अगं, ही क्रेन आहे. चाळीस टनांची."

"आणि तिकडे आहे ती तुमची आई आहे. काल न्हाणीघराच्या दारात पडता पडता वाचली."

"मला बोलली नाही."

"सांगून काय होणार होतं? बोटभर तर कललंय!"

मुकादमाला अचानक हातातल्या कागदात काहीतरी महत्त्वाचं सापडलं. तिने चष्मा नवऱ्याच्या हातात कोंबला आणि ती निघाली. घरी जाऊन तिने एकाही फळीला हात लावला नाही. सासूबाईंच्या शेजारी बसून राहिली.

दुपारी नवरा आला. मुकादमाने गोदामाजवळचा काँक्रीटचा जुना ओटा दिला होता. ट्रेलर तिकडे नेला आणि मग नवरेसाहेबांनी सगळं काम स्वतःच्या हातात घेतलं. तिला काही बोलूच देईना. तीन तास झाले. शेवटी वैतागून तो कोपऱ्यातल्या पायाची दांडी फिरवायला वाकला.

"हात काढा," ती म्हणाली.

त्याने काढला.

मग वेगळंच निघालं. दाराशी बुडबुडा मधे, तर पलंगाशी कडेला. इतक्या वर्षांत फरशीच मधे दबली होती. तो पाणसळ घेऊन कधी फ्रीजशी, कधी पलंगाशी फेऱ्या मारत राहिला.

"अरे, माझ्या पलंगाशी काय येतं ते बघ," सासूबाई बाहेरून ओरडल्या. "फ्रीजला खुबा नाही!"

पलंगाशी जमवलं, आणि नशिबाने फ्रीजही चालू झाला. घर दहा आठवडे तसंच राहिलं. तिचा राग मात्र ओसरायचं नाव घेत नव्हता, कारण तिसऱ्याच दिवशी मुकादम भेटला आणि म्हणाला, "तुमच्या मिस्टरांनी म्हणे अर्ध्या दिवसात घर सरळ केलं! तुम्हाला चार दिवस जमत नव्हतं." ती हसलीसुद्धा नाही.

पुढचा मुक्काम एका कारखान्याच्या आवारात होता. नवऱ्याने ट्रेलर उभा केला, अंग झटकलं आणि सवयीने निघाला. ती खुर्ची मांडून बसली होती.

"पाणसळ आत आहे," ती म्हणाली.

तो मागे वळला. पुटपुटला. मग आत जाऊन पाणसळ घेऊन आला. ऊन उतरेपर्यंत तो चाकापाशी आडवा होत होता, उठत होता, शिव्या देत होता. सासूबाई त्याला काय चुकतंय ते न विचारता सांगत होत्या.

"आता ठीक आहे ना?" त्याने घाम पुसत विचारलं.

ती पाणसळ घेऊन आत गेली, पलंगापाशी वाकली. दाराशी आली.

"अजून एक फळी," ती म्हणाली.