कुलगुरूंच्या पुढे चालणारा माणूस

आमच्या व्याह्यांइतका सावकाश चालणारा माणूस भिवंडी तालुक्यात झाला नाही, आणि इतकं सावकाश चालूनही कायम सगळ्यांच्या पुढे राहणारा तर अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. मी चौथी शिकलेला, पण बोलतो ते डोळ्यांनी बघितलेलं बोलतो. सुनेचे वडील म्हणून द्यायचा तो मान दिला. पण त्यांच्या मागून निजामपुऱ्याच्या गल्लीत चालायचं म्हणजे हातगाडीमागं अडकलेल्या टेम्पोसारखी गत. खाकरा, हाका मारा, शिव्या द्या, ते वळायचे नाहीत.

याला कारण त्यांची नोकरी. व्याही विद्यापीठात शिपाई, आणि वर्षातून एक दिवस चोपदार. पदवीदानाला फेटा, लाल पट्टा आणि चांदीच्या मुठीची काठी घेऊन ते मिरवणुकीच्या पुढं चालायचे. मागं कुलगुरू, त्यांच्या मागं झगे घातलेली प्रोफेसर मंडळी. चोपदारानं मागं बघायचं नाही, असा तिथला रिवाज. तो त्यांनी एका दिवसापुरता न ठेवता जन्माला लावून घेतला. एकदा विहीणबाईंना घेऊन बाजारात गेले. बाई बांगड्यांच्या दुकानात शिरल्या, हे आपले चालतच. पॉवरलूमवर शिफ्टला निघालेला एक जण ओरडला, "चाचा, पीछे तो देखो, चाची रह गई!" तरी नाही. घराशी पोचले तर किल्ली बाईंकडे. पायरीवर बसून राहिले. बाई रिक्षातून उतरल्या त्या तणतणतच, "मान मोडली व्हती का वळून बघाया?" हे शांतपणे म्हणाले, "वळायचं नसतं."

माझ्या मुलाच्या लग्नात नवरदेवाला देवळातून मांडवात आणायला हेच पुढं. पदवीदानाच्या चालीनं चालले. मागं बँडवाल्यांची गाणी संपली, घोडा पेंगायला लागला, भटजी मांडवातून हात हलवून हलवून दमले. मी शेवटी जाऊन कानात ओरडलो, "व्याहीबुवा, नवरा म्हातारा व्हईल!" तर मला म्हणतात, "घाई केली का मिरवणुकीचा मान जातो." मुहूर्त गेलाच.

कुलगुरू किती आले नि गेले, ते सगळे त्यांनी पाठीनं ओळखलेले. एक साहेब टाचा वाजवत यायचे, एक चपला फरफटत. एकांचा श्वास ऐकू यायचा. एका साहेबांच्या वेळी निकाल लांबले, पोरांनी दारात बसून घोषणा दिल्या, काचा फुटल्या. त्या वर्षी मिरवणुकीत साहेबांची पावलं मागं पडत चालली. व्याही सांगायचे, "मंग मी पण पाय आखडता घेतला. त्यांना एकट्याला कसा टाकणार?" चालण्यावरून कोण किती टिकणार हेही ते छातीठोक सांगायचे. ते मात्र हमखास चुकायचं. "ह्यांची चाल बैलासारखी, मुदत पुरी करतील," म्हणाले ते साहेब पावसाळ्याआधीच गेले.

आमच्या वडपे गावात शेतं जाऊन गोडाऊनं उभी राहत होती, त्याच सुमाराला व्याह्यांची नोकरी संपत आली. रिटायर व्हायच्या आधी एक शेवटची मिरवणूक चालायची, एवढंच मागणं होतं त्यांचं. पण कुलगुरूंची खुर्ची रिकामी झाली. वरून नवा माणूस नेमला जाईना, आणि तोवर पदवीदान नको असं ठरलं. थंडी गेली, ऊन तापलं. व्याही येईल त्याला विचारायचे, "नेमला का?" गावदेवीला लोक मूल मागतात, पाऊस मागतात, कुलगुरूसाठी नवस बोललेला हा एकटाच. मी हसलो, तर माझ्यावर उखडले, "तुमची जमीन गेली तवा मी हसलो व्हतो का?"

देवीनं ऐकलं नाही. उन्हाळ्यात शाल-नारळ देऊन त्यांना घरी पाठवलं. कुलगुरू आले ते पाऊस सरल्यावर.

पुढच्या पदवीदानाला जुन्या सोबत्यानं दोन पास दिले. विहीणबाईंनी मला बरोबर धाडलं. एवढा मोठा दगडी हॉल, आम्ही पार मागच्या खुर्च्यांवर. सनई लागली, सगळे उठले, मिरवणूक आली. पुढं दुसराच चोपदार. आमच्या शेजारची पोरं मोबाईलवर बोलत होती. जो तो माना उंच करून कुलगुरू कुठले ते शोधत होता. चोपदाराकडं कुणाचं लक्ष नव्हतं. साहेब झग्याच्या बाहीनं घाम पुसत गेले आणि बघता बघता सगळं व्यासपीठावर चढलंसुद्धा. सगळे खाली बसले. व्याही उभेच. मी सदरा ओढून बसवलं तेव्हा हळूच म्हणाले, "येवढीशीच असते व्हय?"

ती मिरवणूक त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितली होती.

येताना एसटीत खिडकीबाहेर बघत बसले होते. अंजूर फाटा गेल्यावर बोलले, "मी चालायचो तवा तरी लोक बघत असतील का हो?"

"बघत असतील की," मी म्हणालो. "फेटा काय लहान हाय का तुमचा?"

हसले नाहीत. "असतील" एवढंच म्हणाले, तेही स्वतःशी.

भिवंडीच्या स्टँडवर उतरलो. मी सवयीनं थांबलो, हे पुढं निघतील म्हणून. ते काही हलेनात. बाजूला सरून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, व्याहीबुवा."

त्यांच्या पाठीला मी इतकी वर्षं नावं ठेवली, पण माझा पाय उचलेना. "तुम्ही व्हा," मी म्हटलं. "न्हाय, तुम्ही," ते म्हणाले. असे आम्ही दोघे म्हातारे रस्त्यात उभे, शेवटी एक रिक्षावाला खेकसला, "चाचा, जाना है कि नहीं?"