निरोपाच्या प्रसंगातलं वाक्य

देखणा मूळचा नालबंद. सिनेमा कंपनीचे घोडे नाल मारायला आले, सोबत दिग्दर्शक आला, आणि खूर मांडीवर घेऊन बसलेल्या या गड्याचं नाक अन् खांदे बघून तिथंच खिळला. पंधरवड्यात गडी तलवार घेऊन पडद्यावर. लोकांनी 'देखणा' म्हणायला सुरुवात केली, ती इतकी की बायकोही त्याच नावानं हाक मारू लागली. तिच्या तोंडी मात्र ती शिवी वाटायची.

सिनेमा तेव्हा मुका. ओठ हलले की काम झालं. प्रेमाच्या प्रसंगात देखणा नायिकेच्या डोळ्यांत डोळे घालून सकाळच्या घोड्याला जुलाब कसे झाले ते रंगवून सांगायचा. ती ओठ चावून हसू दाबायची, आणि थेटरात लोक उसासे टाकायचे.

ही नायिका झालेली बाई कामाला चोख होती. दोन वर्षांची लेक सासूपाशी ठेवून यायची. पण एका चित्रात निरोपाच्या प्रसंगाला तिला काही केल्या रडू येईना. सकाळपासून चारदा फिल्म वाया गेली, ऊन उतरायला लागलं. दिग्दर्शकानं देखण्याला बाजूला घेतलं आणि तिला लागेल असं काहीतरी बोल म्हणून सांगितलं. काय बोलायचं ते सांगितलं नाही. ते डोकं देखण्याचं.

कॅमेऱ्याचा दांडा फिरायला लागला. देखण्यानं तिचे दोन्ही हात धरले.

"तुझी पोर विहिरीत पडली. सकाळीच निरोप आलाय."

बाई उभी होती तिथं बसली. तिनं जे तोंड केलं ते बघून दांडा फिरवणाऱ्याचा हात थबकला, तर दिग्दर्शकानं खेकसून तो चालू ठेवला. प्रसंग संपल्यावर देखणा हसत म्हणाला, अगं, गंमत केली. तिला ते पोचलंच नाही. ती अनवाणी घरापर्यंत पळत गेली. लेक दारात बसून माती खात होती.

ते चित्र तुफान चाललं. मग ज्यानं त्यानं बाईकडं तेच रडणं मागितलं, आणि तिला ते पुन्हा कधी साधलं नाही. वर्षाच्या आत तिचं काम सुटलं. खरं काय झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, देखण्यानंही नाही. बोलपट आले, तेव्हा फुटक्या पत्र्यासारख्या आवाजाचा देखणा परत घोड्यांच्या पायाशी येऊन बसला. ही आपली शिक्षा, असं तो मनाला समजवायचा. पण ते काही खरं नव्हतं. मुक्या सिनेमातले निम्मे नायक तसेच घरी बसले होते.

बाई म्हातारी होऊन वारली. पुढं कुठल्याशा थेटरात ते जुनं चित्र लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोक्त बाई नालबंदाच्या छपरात येऊन उभी राहिली. सातव्या वर्षी तापात तिचे कान गेले होते. तेव्हापासून ती लोकांचे ओठ वाचायची.

"काका, तुम्ही आईला काय म्हणालात ते मी काल वाचलं. ती पोर म्हणजे मी ना?"

देखणा खुराकडं बघून काहीतरी पुटपुटला.

"वर बघून बोला. मला दिसत नाही."

त्यानं मान वर केली. "तूच. तिला रडू येत नव्हतं म्हणून."

ती म्हणाली, "आईनं मला जन्मात विहिरीवर जाऊ दिलं नाही. घरात नळ आल्या आल्या तिनं आमची विहीर बुजवून घेतली. मला वाटायचं, मी बहिरी म्हणून."

आणि ती वळली. ती पाठमोरी झाल्यावर देखणा म्हणाला, "पोरी, चुकलं माझं. माफ कर."

तो चांगला मोठ्यानं म्हणाला. घोड्यानं कान टवकारले. तिला गाठून समोर उभं राहायला चार पावलं पुरली असती. देखणा उठला नाही. ती रस्ता ओलांडेपर्यंत तो खूर धरून बसून राहिला.