पट्ट्यावरचा चिखल

बार्शीहून सकाळी निघालो तेव्हा गाडीत मी एकटाच होतो, पण बोलणारे दोघे होते. मोबाइलवर कोल्हापूरचा ‘मागची सीट’ नावाचा पॉडकास्ट लावला होता. रणजित आणि अश्विनी असे दोघे जण दर आठवड्याला जगाच्या बातम्या, गाड्या आणि समाजाचे प्रश्न यांवर तासभर बोलतात. कुर्डूवाडीपर्यंत तेलाची जहाजं अडली, टेंभुर्णीला आयातशुल्क आलं, आणि सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा दिसू लागल्या तेव्हा गाडीच्या चॉइस नंबरवर पैसे उधळणाऱ्या पोरांची लग्नं का ठरत नाहीत, यावर वाद चालला होता. बोलतात छान. मला तेच खुपत होतं. वाईट बोलले असते तर बार्शीत कुणी ऐकलं नसतं.

माझा जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा धंदा आहे. पंक्चर काढण्यापासून इथवर आलो, कुणाच्या हाताला धरून नाही. मागच्या महिन्याच्या एका भागात रणजितने सांगितलं, की दोन वर्षांपूर्वीच्या पुरानंतर बार्शीचा एक दलाल पांढरी सफारी घालून, पिवळी क्रेन घेऊन कोल्हापुरात आला, बुडालेल्या चार गाड्या भंगाराच्या भावाने उचलल्या आणि धुऊन-पुसून कोरड्या म्हणून विकल्या. नाव घेतलं नाही. बार्शीत पिवळी क्रेन एकाचीच आहे आणि सफारी मी रोज घालतो. ठरलेली गिऱ्हाइकं त्या आठवड्यात फिरकलीच नाहीत. खरं असं, की मी गेलो होतो, गाड्या पाहिल्या होत्या, गॅरेजवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि रिकामी क्रेन घेऊन परत आलो होतो. डिझेल तेव्हाच गेलं. आता नाव गेलं. ते परत आणायला मी निघालो होतो.

मिरज सोडल्यावर अंकलीच्या पुलावर कृष्णा लागते. पाणी खाली गेलेलं, काठाला म्हशी. पुढे जयसिंगपूर, हातकणंगले, दोन्ही बाजूंना ऊस. कोल्हापुरात शिरताना गाड्यांच्या मागच्या काचांवर वाचायला भरपूर मिळतं: गावाचं नाव, तालमीचं नाव, आजोबांचं नाव. असला स्टिकर काढताना काचेवर चरे पडतात आणि गाडीचा भाव उतरतो, हे कुणी सांगत नाही.

आधी मिसळ खाल्ली. इथे पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस देतात. वाढणाऱ्याने विचारलं, “पावणं (परगावच्या माणसाला इथे हीच हाक), कट (मिसळीचा तिखट रस्सा) घालू काय आणि?”

“त्याचे वेगळे पैसे?”

“कटाचं पैसं घेतलं तर तालमीतली पोरं हाटेल ठेवतील व्हय?”

जिथे भाव करता येत नाही तिथे मला चैन पडत नाही. गुपचूप खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाचं.

पॉडकास्टचे दोघे सुट्टीला ज्या गॅरेजात भेटतात ते गगनबावड्याच्या रस्त्याला, फुलेवाडीत. मालक शामराव, रणजितचे सख्खे मामा. माझं भांडण झालं होतं ते यांच्याशीच. मला पाहून हात पुसत म्हणाले, “आलासा? या खेपेला क्रेन न्हाय आणली?”

मी आवाज चढवला. शेजारचा वेल्डर काम थांबवून बघू लागला. तेवढ्यात रणजित बाहेर आला. तो कागलच्या एमआयडीसीत मशिनवर काम करतो, सुट्टीच्या दिवशी पॉडकास्ट. त्याच्या मागे अश्विनी, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारी.

“गोष्ट मला मामांनीच सांगितली,” रणजित म्हणाला. “तुमचं म्हणणं बी घेऊ की. शेवटाला दोन मिनिटं देतो.”

“सुरुवातीला दहा.”

“मध्ये पाच,” अश्विनी म्हणाली, “आणि ओरडायचं नाही. माइक फाटतो.”

“ओरडण्याचं वेगळं ठरवू,” मी म्हणालो. पाचवर ठरलं.

स्टुडिओ कुठे, म्हणून विचारलं तर तिने कोपऱ्यातली राखाडी गाडी दाखवली. काचांना आतून वाकळा (गोधड्या) लावलेल्या. बंद गाडीत बाहेरचा आवाज येत नाही, खोलीचं भाडं वाचतं. पॉडकास्टचं नावही त्यावरूनच. हिशेब मला पटला. दार उघडताना मात्र हात थबकला. हँडलखालचा कोयरीएवढा पोचा मी आधी पाहिला होता.

मी मागे बसलो, ते दोघे पुढे. एसी बंद, कारण त्याचा आवाज येतो. पहिला अर्धा तास दूरच्या कुठल्यातरी समुद्रात जहाजं अडल्यामुळे रणजितच्या कारखान्यातली ओव्हरटाइम कसा बंद झाला, यावर गेला. मी घामाने निथळत होतो आणि वास घेत होतो. वाकळांचा वास नव्हता तो.

माझी पाळी आली. अश्विनीने विचारलं, “बुडालेली गाडी ओळखायची कशी?”

“इंजिन बघू नका, ते कुणीही चकाचक करतो. सीटचा पट्टा बघा.” मी बाजूचा पट्टा धरला आणि ओढत गेलो. “रोज वापरतो तेवढाच धुतला जातो. शेवटचा हात-दीड हात कुणी बाहेर काढत नाही.”

“आमचा कशाला वडतासा?” रणजित मागे वळला.

पट्टा संपला. टोकाचा भाग कडक झाला होता आणि त्यावर करड्या चिखलाची आडवी रेघ होती. माझ्या पांढऱ्या पँटवर पापुद्रे पडले.

“ही गाडी मामांची हाय,” रणजित म्हणाला.

“तेच सांगतोय. पुरात बुडालेल्या त्या चारांतली ही एक. मी तिला नको म्हणालो, त्यावरूनच भांडण झालं.”

अश्विनीने रेकॉर्डर बंद केला नाही. रणजित बोटाने पट्ट्यावरची रेघ खरवडत राहिला.

बाहेर आल्यावर मामांना काही सांगावं लागलं नाही, आमचे चेहरे पुरले. त्यांनी मला बाजूला घेतलं. “पट्ट्याचं तेवढं गाळायचं. बार्शीवाल्यानं एक बी गाडी न्हेली न्हाय, असं पोरगं सुरुवातीलाच सांगंल. नावासकट.”

पाच मिनिटांच्या जागी सुरुवात आणि वर नाव. फायद्याचा सौदा होता. मी हात मिळवला. ‘चुकलं’ हा शब्द त्यांनी काढला नाही, आणि तो मागायचं मला सुचलं नाही, याचा राग मला अजून येतो.

मुक्काम केला. सकाळी रणजित लॉजवर आला. “गगनबावडा बघितलासा काय? न्हाय? मग चला की.” माझ्याच गाडीतून निघालो. बालिंग्याच्या पुढे त्याने एका घराची भिंत दाखवली. खिडकीच्या वर डाग होता, पाणी तिथवर आलं होतं. त्याखाली एक आजी शांतपणे शेंगा वाळत घालत होती. पुढे भातखाचरं, मग चढ, मग धुकं. वर चहा घेतला. समोर कोकण असायला हवं होतं, दिसत काही नव्हतं.

“मला नोकरी लागली तवा मामानं दिली ती गाडी,” रणजित म्हणाला. “फुकट. डॉक्टरची हाय म्हणला.”

“विकली तर नाही. तेवढं बरं म्हणायचं.”

“बाकीच्या तीन कुठं गेल्या असतील?”

“मामांना विचारा.”

“काल रात्री इचारलं. जेवता जेवता उठून गेला.”

आम्ही घाटातून परत फिरलो. जुना पॉडकास्ट लावू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाला.

त्याच वाटेने बार्शीला परतलो. आठवड्याने नवा भाग आला, मी दुकानात बसून लावला. सुरुवातीला माझं नाव होतं, ठरल्याप्रमाणे. मग माझा आवाज, मग पट्टा सरसरत बाहेर येण्याचा आवाज, सगळं जसंच्या तसं. शेवटी रणजित म्हणाला, “ही गाडी आमच्या घरातली हाय. अशाच आणि तीन आमच्याच गॅरेजातनं बाहेर गेल्यात. कुणाकडं असतील तर पट्टा वडून बघा आणि मला फोन करा.”

मी लगेच फोन लावला. “हात दिला होता मी. सौदा मोडलात तुम्ही.”

“तुमचा सौदा मामासंगं झालता, पावणं. माझ्यासंगं न्हाय.”

“मामा काय म्हणाले?”

“बोलत न्हाईत. गॅरेजला कुलूप लावलंय. पॉडकास्ट आता आईच्या सैपाकघरात करतोय, कुकर बंद ठेवून.”

जन्मभर घासाघीस केली, पण ठरल्यापेक्षा जास्त माल कुणी हातावर ठेवला की मला त्यात खोट शोधावीशी वाटते. यात अजून सापडलेली नाही. तो मात्र मामाला मुकला.

गिऱ्हाइकं परत आली आहेत. भाव विचारत नाहीत, बॉनेट उघडत नाहीत. सरळ आत बसतात आणि पट्टा ओढतात, शेवटापर्यंत. आणि तसाच सोडून पुढच्या गाडीत जातात. संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी मी एकेका गाडीत वाकून ते पट्टे आत सोडतो. सोडण्याआधी टोक बघतो.