पूर्णेचा नकाशा

परवा कपाटातून खडूचा वास आला आणि आमच्या अकोल्याच्या शाळेतले भूगोलाचे सर आठवले. फळा काढून डिजिटल बोर्ड बसवला, तेव्हा त्यांनी दुपारभर खपून त्यावर पूर्णा नदीचा नकाशा काढला, सवयीनं कोपऱ्यात ‘पुसू नये’ लिहिलं आणि बटण बंद करून घरी गेले. सकाळी बोर्ड कोरा. “कोणं पुसला?” सरांनी वर्गाला विचारलं. “कोणीच नाई पुसला सर, तुमी सेव्हच नाई केला,” पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली. कोणी हसलं नाही. सरांनी नकाशा पुन्हा काढला आणि सेव्ह कसं करायचं ते तिलाच विचारलं. “फाइलले नाव काय देऊ, सर?” “पुसू नये.” सर आता नाहीत, त्या वर्गावर मी शिकवते. बोर्डातली जागा भरली की सगळं काढून टाकते, ती एक फाइल सोडून.