तांबड्या रेघेच्या वर

एक्झिल्दा सीर सकाळपासून सातव्यांदा लाकडांच्या खोपटात गेली. लाकडं काही पळून जाणार नव्हती, पण तिला राहवतच नव्हतं. खोपटाच्या मागच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर तांबड्या रंगाची रेघ होती. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात फर्मँनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ती ओढली होती. ऑक्टोबरात थप्पी छताला टेकवायची आणि दोन फेब्रुवारीला, शांदलरच्या सणाला, ती रेघेखाली गेलेली नसावी, असा हिशेब. अर्धा हिवाळा सरलेला, अर्धी लाकडं उरलेली. नदीच्या या काठावर घरोघरी अशी काही ना काही खूण होतीच.

फर्मँ जाऊन सहा वर्षं झाली होती. रेघ तिथंच होती, आणि या वर्षी तिच्यावर एक्झिल्दाचं घर टांगलेलं होतं.

त्याचं असं झालं. ऑक्टोबरात तिची मुलगी जिनेट घराच्या पायाभोवती फरच्या फांद्या रचायला आली होती. त्यांच्यावर बर्फ साचला की खालचा वारा अडतो. फांद्या रचता रचता जिनेट म्हणाली, "आई, त्र्याहत्तर वर्षांची आहेस तू. इथं घसरून पडलीस तर एप्रिलमध्ये सापडशील."

"मार्चमध्ये," एक्झिल्दा म्हणाली. "पायऱ्यांवर ऊन येतं. बर्फ मार्चमध्येच वितळतो."

"मी चेष्टा करत नाहीये. लाकडं संपली तर भर फेब्रुवारीत कोण आणून देणार तुला?"

"संपली तर ना!"

"बरं. शांदलरला येते मी. लाकडं रेघेच्या वर असली, तर पुन्हा हा विषय काढणार नाही. खाली गेली असली, तर माझ्याकडे राहायला यायचं. कायमचं."

एक्झिल्दानं हातमोजा काढून हात पुढे केला होता. बटाट्याच्या वखारीत तीस वर्षं सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून तिनं सडके बटाटे वेचून फेकले होते. उभ्या जन्मात कुठली पैज हरलेली तिला आठवत नव्हती.

पण जानेवारी वैऱ्यासारखा आला. अकरा दिवस पारा उणे तीसच्या वर सरकला नाही. थप्पी रोज खाली बसत होती. वीस तारखेला ती रेघेच्या वर जेमतेम वीतभर उरली आणि एक्झिल्दाची झोप उडाली. तिनं वरच्या दोन्ही खोल्या बंद केल्या, दाराखाली चिंध्या कोंबल्या, खाट स्वयंपाकघरात ओढून आणली. फर्मँचा लोकरीचा कोट अंगातून उतरेना. तेवढ्यानं भागेना, तेव्हा तिनं शेगडीची हवेची झडप जवळजवळ मिटून टाकली. आग धगधगायच्या ऐवजी धुमसू लागली. एक ओंडका तासाच्या जागी तीन तास पुरू लागला.

असं केल्यानं काय होतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं ती यावरूनच फर्मँला झापत आली होती. धुमसत्या आगीचा धूर चिमणीत थंड पडतो आणि आतून डांबरासारखा चिकटून बसतो. "बाराच दिवस तर आहेत," ती शेगडीला म्हणायची. मग उठायची, खिडकीच्या काचेवरचं हिव खरवडायची, नळाचं पाणी अजून वाहतंय का बघायची, बसायची, पुन्हा उठायची.

तीस तारखेला समोरचा ओविला काठी टेकत आला. वयानं तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि नाक कुत्र्याचं.

"एक्झिल्दा, तुझा धूर पिवळा दिसतोय गं. वर जातच नाही, अंगणात लोळतोय."

"हवा जड आहे."

"माझ्या घरावर हलकी आणि तुझ्याच घरावर जड? काय जाळतेस, फर्मँचे जुने बूट?"

"तुझं बोलणं वाळवून जाळते. भरपूर साठलंय."

तो हसला, पण जाताना चिमणीकडे दोनदा वळून बघत गेला.

शांदलरची सकाळ उजाडली. लाकडं रेघेच्या वर चार बोटं होती. एक्झिल्दानं बोटं आडवी लावून मोजली, मग दुसऱ्या हातानं मोजली. जिनेट अकराला येणार होती. सणाला प्लॉय, म्हणजे कुट्टूची धिरडी, हवीतच, आणि लोखंडी तवा चांगला तापल्याशिवाय प्लॉयला जाळी पडत नाही. शिवाय मुलीनं दार उघडताच तोंडावर ऊब यायला हवी होती. श्वासाची वाफ दिसणाऱ्या घरात पैज जिंकून काय उपयोग! तिनं सीडरच्या सुक्या ढलप्या फोडल्या, त्यांच्यावर बर्चच्या सालीसकट दोन फाळ्या ठेवल्या आणि झडप पुरती उघडली.

दहा मिनिटांत शेगडी तापून टकटक करू लागली. वाडग्यातलं कुट्टूचं पीठ ढवळताना तिला आधी वाटलं, रस्त्यावरून मालगाडीएवढा ट्रक चाललाय. पण आवाज पुढे जाईना. तो भिंतीतच होता.

चिमणी पेटली होती. आत चिकटलेल्या डांबरानं पेट घेतला होता.

तिनं वाडगं खाली ठेवलं, झडप आवळली, शेगडीचं दार घट्ट दाबलं. धुराड्याचा पत्रा सांध्याशी लाल झाला होता. ती कोटानिशी बाहेर धावली. चिमणीच्या तोंडातून हातभर ज्वाळा आणि ठिणग्या, खाली छपरावर दोन फूट बर्फ. तो बर्फ होता म्हणून घर वाचलं. ओविलानं आधीच फोन केला होता. गावातली मंडळी बंब घेऊन आली, तोवर हवा न मिळाल्यानं आवाज बसत चालला होता. त्यांच्यातल्या एकानं वर चढून पाहिलं. आतली वीट वरपासून खालपर्यंत चिरली होती.

"मावशी, गवंडी येईपर्यंत काडीसुद्धा ओढायची नाही," तो म्हणाला. "आणि गवंडी मे महिन्याच्या आत मिळणार नाही."

जिनेट आली तेव्हा बंब निघून चालला होता आणि अंगणातल्या बर्फावर काजळीचे काळे पापुद्रे पडले होते. तिनं आईला मिठी मारली, मग लांब धरून डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, पुन्हा मिठी मारली. बऱ्याच वेळानं ती खोपटात गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

"वर आहेत. चार बोटं." तिनं सुस्कारा सोडला. "जिंकलीस, आई. चिमणी होईपर्यंत माझ्याकडे चल, मग खुशाल परत ये. शब्द म्हणजे शब्द."

एक्झिल्दा खोपटाच्या दाराशी गेली. ओविलाही तोवर काठी टेकत तिथं येऊन उभा होता. मग ती जिनेटला म्हणाली, "घसरगाडी आण."

"कशाला?"

"आण म्हणते ना."

तिनं थप्पीवरून एकेक ओंडका उचलून घसरगाडीवर टाकायला सुरुवात केली. "ही एकविसाव्या तारखेची. ही बाविसाव्या तारखेची. जाळायला हवी होती, जाळली नाहीत. ओविला, तुझ्या खोपटाचं दार उघड."

"आई, हे काय चालवलंयस?"

"वखारीत सडका बटाटा पोत्यात घालून वजन भरणारीला मी स्वतः हाकलायची."

चौथ्या खेपेला तांबडी रेघ उघडी पडली. पाचव्या खेपेला तिच्याखालची फळी दिसली. एक्झिल्दा थांबली, कंबर सरळ केली आणि त्या रेघेवर हातमोजा फिरवला. रंग अजून घट्ट होता.

"अगं, पण तुला कुणी विचारलं नसतं," ओविला हळूच म्हणाला.

"तू विचारलंस की. धुराबद्दल."

बाकीचं काम तिनंच केलं. ज्या घरात आग नाही त्याचे नळ या थंडीत भरलेले ठेवता येत नाहीत; आतलं पाणी गोठून ते फुटतात. तिनं तळघरातली पाण्याची मुख्य कळ फिरवली आणि वर येऊन सगळे नळ उघडले. पन्नास वर्षांत या घरातलं पाणी कधी बंद झालं नव्हतं. मोरीचा नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. धिरडी त्यांनी ओविलाच्या शेगडीवर केली, उभ्याउभ्याच खाल्ली.

गाडीत बसल्यावर पहिला मैलभर ती नीट बसली. मग पट्टा सैल केला, घट्ट केला, हीटरची जाळी वर वळवली, खाली वळवली.

"जिनेट, तुझ्याकडे ते उष्णता कमीजास्त करायचं बटण कुठल्या भिंतीवर असतं?"

"हात लावायचा नाही, आई."

"मी फक्त विचारतेय."

"आई!"

"अगं, कुठल्या भिंतीवर, एवढं तरी सांगशील!"